ऊन त्याचं, पाऊस त्याचा... आणि पूर?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक १९.

छोटाच श्लोक आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की ऊन तापवणारा मीच, पाऊस रोखून धरणारा मीच आणि सोडणाराही मीच. मग पुढच्याच ओळीत अमृत आणि मृत्यू, दोन्ही आपणच असल्याचं सांगतात. पुण्या-मुंबईत होते तेव्हा मी पहिली ओळ भरभर वाचून पुढे जायचे. टुसॉनला राहायला आल्यापासून मात्र तिथेच थांबायला होतं.

टुसॉन हे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं, सोनोरन वाळवंटातलं शहर. उंची साधारण ७३० मीटर, आणि उत्तरेला सांता कॅटलिना डोंगर, ज्याचं माउंट लेमन शिखर जवळजवळ २,८०० मीटरवर. जूनमध्ये पारा ४० च्या वर ठाण मांडून बसतो. इथल्या पावसाळ्यालाही मान्सूनच म्हणतात बरं का! हवामान खात्याच्या हिशेबी १५ जून ते ३० सप्टेंबर. वर्षभरात जेमतेम ३० सेंटिमीटर पाऊस, त्यातला निम्मा याच दिवसांत.

आणि हा पाऊस येतो तो उन्हामुळेच. जमीन तापून तापून वाऱ्यांची दिशा बदलते आणि कॅलिफोर्नियाच्या व मेक्सिकोच्या आखाताकडून बाष्प आत येऊ लागतं. डोंगराचे उतार सकाळपासून तापतात, तिथली हवा वर चढते. दहा-अकराला शिखरावर कापसाचे पुंजके दिसतात, तीनपर्यंत त्यांचा काळा मनोरा होतो, आणि मग विजा, धुळीचा लोट, धो धो सरी. तापवणं आणि बरसणं भगवंतांनी एकाच ओळीत का ठेवलं असेल, ते इथे डोळ्यांना दिसतं.

या वाळवंटाचे मूळ रहिवासी तोहोनो ओओधम लोक. जूनच्या अखेरीस, ऐन काहिलीत, ते साग्वारो या उंच निवडुंगाची फळं लांब काठीने पाडतात. रस शिजवतात, आंबवतात आणि ते पेय घेऊन गाण्यांनी पावसाला बोलावतात. त्यांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. (साधारण त्याच सुमारास आपली वारी रस्त्यावर असते!)

पहिली सर आली की इथल्या क्रिओसोटच्या झुडपांचा असा काही वास सुटतो की तोंडून आपोआप 'कृपा' निघतं. निघू दे. पण मग १५ जुलै २०१७ चं काय म्हणायचं?

त्या शनिवारी, इथून बऱ्याच उत्तरेला पेसन गावाजवळच्या जंगलात, एक मोठं कुटुंब वाढदिवस साजरा करायला ओढ्यातल्या डोहावर गेलं होतं. वादळ झालं ते काही मैल वर, महिन्याभरापूर्वी वणव्याने जळलेल्या उतारावर. जळक्या जमिनीत पाणी मुरत नाही. राख, चिखल, ओंडके घेऊन ते दरीतून खाली आलं आणि एकाच कुटुंबातली १० माणसं गेली. लहान मुलंसुद्धा. ज्या सरीसाठी कुणीतरी हात जोडले असतील, तसलीच ती सर.

असं काही घडलं की आपल्याकडे लगेच मेसेज फिरतो, 'ज्याचं त्याचं कर्म'. मला हे वाक्य सहन होत नाही. दुसऱ्याच्या मेलेल्या लेकरावर कर्माचा निकाल लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? 'आम्हाला पाऊस मिळाला, आमच्यावर कृपा' हेसुद्धा त्याच वाक्याचं गोड रूप आहे. आजच्या श्लोकात 'कृपा' हा शब्दच नाही, 'शिक्षा' हाही नाही. याच अध्यायात, श्लोक २९ मध्ये, भगवंत सर्वांच्या ठायी सम असल्याचं सांगतात. मग त्या कुटुंबासाठी तो कुठे होता? माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांच्याकडे तयार उत्तर असतं, त्यांची मला जरा भीतीच वाटते.

कर्म हा शब्द पावसाच्या संदर्भात गीतेत येतो तो तिसऱ्या अध्यायात, श्लोक १४ मध्ये. अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. तिथलं कर्म म्हणजे आपल्या हातून व्हायचं काम. दुसऱ्याच्या नशिबाचा हिशेब नव्हे.

इथे ते काम अगदी साधं असतं. ओढ्यात उतरण्याआधी आपल्या डोक्यावरचं नाही, वरच्या डोंगरावरचं आभाळ बघायचं. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या वाहून यायला लागल्या, की पोरांना उचलून उंचावर पळायचं. एरवी कोरड्या असलेल्या ओढ्यातून पाणी वाहत असताना अडथळे चुकवून गाडी घातली आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून घेता येतो, असा कायदा अ‍ॅरिझोनात १९९५ पासून आहे. लोक त्याला 'मूर्ख चालक कायदा' म्हणतात. नाव उर्मट आहे, पण मला पटतो. तुम्हाला काढायला जो दोर धरून उतरतो, त्यालाही घर असतं.

आणि उन्हाचंही तेच. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला. त्या वर्षी तिथल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेमुळे ६४५ माणसं मेली, त्यातली जवळजवळ निम्मी बेघर होती. एसीत बसून 'ताप हीच तपश्चर्या' म्हणणं सोपं आहे हो! ज्याला सावलीच नाही त्याच्यासाठी तापवणाऱ्याचं नाव घेऊन गप्प बसायचं, की पाणी घेऊन जायचं? आमच्या छोट्या सत्संगात मे महिन्यापासून प्रसादाच्या टेबलाशेजारी पाण्याच्या बाटल्यांचे खोके ठेवतो. शनिवारी दोघं जण गाडीत घालून ते वाटायला जातात. या शनिवारी माझी पाळी आहे.

उद्याचं वाचन : श्लोक २० आणि २१. राम कृष्ण हरी.