काटा आणि उंची

इंजिन न खोलता त्याच्या पोटातले दुखणे सांगणारी एक साधी तबकडी असते. गॅरेजमधली मंडळी तिला व्हॅक्यूम गेज म्हणतात. पेट्रोलचे इंजिन तापून जागच्या जागी संथ चालत असता तिची नळी हवा ओढणाऱ्या वाटेला जोडायची. समुद्रकाठी काटा १७ ते २१ इंचांत स्थिर राहिला, तर प्रकृती उत्तम. ठरावीक वेळाने झटका देऊन खाली येऊ लागला, तर एखादी झडप नीट बसत नाही असे समजावे.

आता तीच गाडी रत्नागिरीहून आंबा घाट चढून आमच्या शाहूवाडी तालुक्यात आणा. दर हजार फुटांमागे काटा सुमारे एक इंच उतरतो. गाडी बिघडलेली नसते; वर हवेचाच दाब कमी. पास्कलने १६४८ साली आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी देऊन डोंगरावर धाडले, तेव्हा पाराही असाच उतरला होता. हे ठाऊक नसलेला मिस्त्री धडधाकट इंजिन खोलून बसेल, आणि बिल मालकाच्या माथी!

मी शाळामास्तर. धनगरवाड्यावरून रान तुडवीत येणाऱ्या पोराचे गुण वाचताना मला ही उंची आठवते. पण उंचीने काटा उतरतो, थरथरत नाही. म्हणून कमी गुण मी डोंगराच्या खाती मांडतो. नक्कल केलेली उत्तरपत्रिका मात्र नाही. आमचे एक सहकारी यावर विचारतात, “मास्तर, उपाशी पोटाचा काटा स्थिर राहतो, हे तुम्ही कुठे पाहिलेत?”

त्यांना द्यायचे उत्तर अजून मला सापडलेले नाही.