डोंगरावरच्या रुग्णाची इयादत



22 जुलै 2021 हा दिवस कोकणी माणूस विसरू शकत नाही. सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाडमध्ये शिरले, वाशिष्ठीने चिपळूण बुडवले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर मदत भरभरून आली. धान्य आले, चादरी आल्या, औषधेही आली.

पण पाणी ओसरले की आजारांचे दिवस सुरू होतात. उंदीर आणि गुराढोरांच्या मूत्रातील जंतू चिखलात मिसळतात आणि अनवाणी पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. हाच लेप्टोस्पायरोसिस. उपचारास उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस दगावतो. तो टाळण्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. परंतु धोका असेतोवर ती मात्रा दर आठवड्याला घ्यावी लागते. गरोदर महिला आणि लहान मुलांना ती सरसकट देता येत नाही. म्हणजे एकदा जाऊन पाकिटे वाटून येण्याचे हे काम नव्हे.

‘सहीह मुस्लिम’मधील हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह दासाला जाब विचारील की, मी आजारी असताना तू माझ्याकडे आला नाहीस. दास चकित होईल, कारण सर्व विश्वाचा पालनकर्ता आजारी कसा पडेल? तेव्हा त्याला त्या आजारी दासाची आठवण करून दिली जाईल, ज्याच्याकडे तो गेला नव्हता. या हदीसमध्ये जाण्यासाठी ‘इयादत’चे क्रियापद आले आहे आणि अरबीत त्याच्या धातूचा अर्थ ‘परतणे’ असा आहे. मदरशात हा धातू पाठ करताना त्याचे वजन मला कळले नव्हते. रुग्णाची भेट म्हणजे पुन्हा पुन्हा परत जाणे. आजच्या अरबीत दवाखान्यालाही हाच शब्द वापरतात.

खंदकच्या युद्धात हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मशिदीतच त्यांच्यासाठी तंबू उभारला, हेतू हा की, जवळून त्यांची इयादत करता यावी. हजरत रुफैदा (रजि.) तेथे जखमींवर उपचार करीत, असे चरित्रग्रंथांत नमूद आहे. आपल्या सेवेतील आजारी यहुदी मुलाच्या घरीही प्रेषित (स.) स्वतः गेले होते. तेव्हा वाडी कोणत्या धर्माची, हा प्रश्न उरतच नाही.

आता स्वतःविषयी सांगतो, कारण चूक माझीही होती. त्या पुरानंतर आम्ही मशिदीच्या हॉलमध्ये मोफत शिबिर घेतले. गर्दी झाली आणि आम्ही समाधान मानले. डोंगरावरच्या एका वाडीतून कोणीच आले नाही, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्यांचा रस्ताच वाहून गेला होता. दहाव्या दिवशी दोन डॉक्टरांसह आम्ही चढून गेलो. एका आजींची रक्तदाबाची गोळी पुरापासून बंद होती. डॉक्टरांनी त्यांना तपासून औषध दिले. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला आणि पाकीट वर धरायला सांगितले. आजी म्हणाल्या, “बाबा, फोटो नको. गोळ्या माघारी न्या हव्या तर.”

मी त्याला थांबवले नव्हते. मीही फोटोसाठी बाजूला जाऊन उभा राहिलो होतो.

सूरह बकराच्या 264व्या आयतीत श्रद्धावंतांना बजावले आहे की, उपकार जतवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका. शेकडो वेळा पठण केलेल्या त्या आयतीचा अर्थ मला आजींच्या अंगणात समजला. तीन आयती पुढे आणखी एक ताकीद आहे : जी वस्तू स्वतः घेताना डोळे मिटून घ्याल, ती दानासाठी निवडू नका. घरातल्या अर्धवट वापरलेल्या, मुदत संपलेल्या पट्ट्या मदतीच्या खोक्यात टाकणाऱ्यांनी ही आयत एकदा वाचावी. आमच्याकडे तशी दोन पोती जमली होती! आणि वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करून नुकसान करणारा जबाबदार ठरतो, ही ‘अबू दाऊद’मधील हदीस उत्साही स्वयंसेवकांनी लक्षात ठेवावी. औषध डॉक्टरांनी द्यावे. आपण ओझे वाहावे, नावे लिहून घ्यावीत, कोणाचे इन्सुलिन कधी संपेल त्याची वही ठेवावी.

आजींची आम्ही क्षमा मागितली. त्यांनी गोळ्या ठेवून घेतल्या आणि विचारले, “पुन्हा येणार का?” पुढच्या शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर आम्ही तिघेच चढलो. बॅनर मशिदीत ठेवला होता. आजींनी पाट मांडला, बाही वर केली आणि डॉक्टरांपुढे हात धरला.