हिरवळीखालचे बीळ

पावसाळा सरत आला की यवतमाळच्या मातीला एक प्रकारचा मऊपणा येतो. त्या दिवसांत सकाळी घरासमोरच्या हिरवळीवर पाऊल ठेवावे, तर रातोरात उभे राहिलेले भुसभुशीत मातीचे ढिगारे दृष्टीस पडतात. ढिगाऱ्याशेजारी गुलाबाचे एखादे रोप मान टाकून उभे असते. ओढून पाहावे तो मुळे कुरतडलेली. कुंपणाच्या भिंतीखाली काठी घातली तर ती सहज आत जाते. अंगण-परसबाग राखून असलेल्या येथील अनेक कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. ही घुशीची करणी.

दोन वर्षांपूर्वी ही पाळी आमच्यावर आली, तेव्हा सारेच करतात ते आम्हीही केले. बाजारातून विषाची पुडी आणली आणि बागकामासाठी येणाऱ्या गृहस्थांच्या हाती देऊन सांगितले, कणकेच्या गोळ्यांत कालवून बिळांत टाका. त्यांनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "भाऊ, हे टाकाले हातमोजे लागतीन का?"

हे गृहस्थ २०१७ च्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करावयास मजुरीने गेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांनी दिसेनासे झाले, उलट्या सुरू झाल्या आणि पुढील काही दिवस ते सरकारी रुग्णालयात होते. हे सर्व आम्हाला ठाऊक होते. पुडी त्यांच्या हाती देताना मात्र ते आमच्या ध्यानात आले नाही. पुडीवर बारीक अक्षरांत हातमोज्यांची सूचना छापलेली होती. आम्ही ती वाचली नव्हती. कारण पुडी फोडणारे हात आमचे असणार नव्हते.

त्या दिवशी विष टाकले गेले नाही. परंतु घूस तेथेच होती, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आमच्या अंगणात ठाण मांडून बसला. घुशीला मारण्याचा आपणास अधिकार आहे काय? असल्यास तो कशाच्या आधारावर, आणि कोणत्या साधनाने तो बजावावा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु मोठ्या प्रश्नांवरील आपली मते बहुधा पुस्तकांतून आलेली असतात. सद्सद्विवेकबुद्धीची खरी परीक्षा अंगणातच होते.

* * *

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत हिरवळीचा शत्रू म्हणून 'मोल' नावाच्या प्राण्याचे नाव येते. मखमली अंगाचा, जवळजवळ आंधळा असा हा प्राणी जमिनीखाली बोगदे खणून गांडुळे खातो. मुळांना तो तोंड लावत नाही. त्याचा अपराध इतकाच की तो हिरवळीवर मातीच्या ढेकळांचे उंचवटे उठवितो. तेवढ्यावरून इंग्लंडमध्ये १५६६ च्या एका कायद्याने त्याच्या डोक्यावर बक्षीस लावले आणि ते पैसे वाटण्याचे काम गावोगावच्या चर्चच्या विश्वस्तांकडे सोपविले. पुढे त्याच्यासाठी गांडुळांना स्ट्रिक्नीन हे जहाल विष लावून बोगद्यांत टाकण्याची पद्धत पडली. ब्रिटनमध्ये ती २००६ साली बंद झाली. एका निरुपद्रवीप्राय जिवाविरुद्ध केवळ शोभेसाठी चाललेले हे युद्ध, आणि त्याचे हिशेब ठेवणारे चर्चचे विश्वस्त! आपल्याला हसू येईल, पण ते फार काळ टिकू नये.

मोल आपल्या महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे आहे ती घूस, आणि तिच्यावरील आरोप अधिक गंभीर आहेत. इंग्रजीत तिला 'बँडिकूट' म्हणतात. हा शब्द तेलुगूतील 'पंदिकोक्कू' म्हणजे 'डुक्कर-उंदीर' यावरून गेला. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील पैनगंगा ओलांडली की ती भाषा कानावर पडू लागते. घूस मुळे, कंद, धान्य, उकिरड्यावरचे अन्न असे सर्व काही खाते. शेतात तिच्या बिळातून धान्याचे साठे निघतात. बिळाची तोंडे ती सैल मातीने बुजवून घेते, आणि आपण ज्यांना ढिगारे म्हणतो ती तिची दारे असतात. ती पाया पोखरते, आणि तिच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग माणसापर्यंत पोहोचू शकतो. तिला केवळ 'बिचारा मुका जीव' म्हणून प्रश्न मिटविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पवित्र शास्त्रालाही या उपद्रवाची जाण आहे. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात पलिष्टी लोक कराराचा कोश परत पाठविताना देशाची नासाडी करणाऱ्या उंदरांच्या पाच सुवर्णप्रतिमा त्याबरोबर देतात. धान्य कुरतडले जाण्याचे भय माणसाइतकेच जुने आहे.

* * *

मग अधिकाराचे काय? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मानवाला सर्व प्राण्यांवर सत्ता देतो. हे वचन आपल्या पाठीशी आहे, अशा समजुतीने आपण निर्धास्त असतो. परंतु लगेच दुसऱ्या अध्यायात तोच देव मानवाला बागेत ठेवतो, तो तिची मशागत करावयास आणि तिचे रक्षण करावयास. पुढे नवव्या अध्यायात जलप्रलयानंतरचा करार होतो, तो नोहा व त्याच्या संततीबरोबरच तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सजीव प्राण्याशी होतो. घूस त्या करारातून वगळल्याचा उल्लेख नाही! पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हेच बजावले: मिळालेली सत्ता ही मालकी नव्हे, ती राखणदारी आहे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ या बाबतीत समतोल राखतो. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तो मुभा देतो. त्याचबरोबर प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा ठार मारणे माणसाच्याच प्रतिष्ठेला शोभत नाही, असे शिकवितो. येथे 'विनाकारण' हा शब्द महत्त्वाचा. मारण्याचा अधिकार सत्तेतून उत्पन्न होत नाही, तो गरजेतून उत्पन्न होतो. आणि गरज जेथे संपते तेथे अधिकारही संपतो.

या मापाने पाहिले तर शेतकरी आणि आम्ही एका पंक्तीत बसत नाही. ज्याचे वर्षाचे पोट पाच एकरांतील ज्वारीवर आणि तुरीवर अवलंबून आहे, त्याने घुशीचे बीळ खणून तिला मारले तर त्याला दोष देण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. आमची गरज कोणती? एक हिरवळ. तीही अशा गावात, जेथे २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटत गेली आणि टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. ज्या हिरवळीला आम्ही पाणी पाजीत होतो, तिच्या मुळाशीच एक प्रश्न होता. घुशीने तो फक्त उकरून वर काढला.

तरीही घराच्या पायाचे रक्षण ही खरी गरज आहे, घरातील मुलांचे आरोग्य ही खरी गरज आहे. तेवढ्यापुरता अधिकार आम्ही मान्य करतो. मग प्रश्न उरतो साधनाचा.

* * *

पुडीतील काळसर भुकटी झिंक फॉस्फाईडची होती. पोटातील आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. माणसाच्या पोटात गेल्यास यावर नेमका उतारा नाही. दुसऱ्या प्रकारची विषे, उदाहरणार्थ ब्रोमाडिओलोन, रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. प्राणी काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, आणि त्या अवधीत त्याला घुबडाने वा मांजराने धरले तर विष पुढे सरकते. शिवाय घूस चतुर असते. जलद विषाचा थोडा घास खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाच्या वाटेला जात नाही. म्हणून जाणकार आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष घालून तिचा विश्वास संपादन करण्यास सांगतात. विश्वास संपादन करून मग विष देणे! हे वाक्य आपल्याला कोठेतरी बोचले पाहिजे.

विषाचा नैतिक दोष आम्हाला दोन गोष्टींत दिसतो. पहिली, ते मरण दृष्टीआड करते. काठीने मारणाऱ्याला निदान आपण काय करीत आहोत हे पाहावे लागते; विष टाकणारा झोपी जातो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. विषाला आपला हेतू कळत नाही. ज्याच्यासाठी ठेवले त्याच्यापाशी ते थांबत नाही.

हे यवतमाळला कोणी शिकवावयास नको. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानले नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून फवारण्या चालल्या होत्या. फवारा अंगावर येत होता, तोंडात जात होता. तोंडावर रुमाल बांधणे एवढेच बहुतेकांचे संरक्षण. त्या एका हंगामात या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. विष अळीसाठी होते. ते पोहोचले माणसापर्यंत, आणि माणसांतही आधी त्याच्यापर्यंत, ज्याच्या पाठीवर पंप होता. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख इतकी वर्षे सोसले, तेथे घराघरांत विष सहज हाताशी असणे हीच एक चिंतेची बाब आहे, मग ते घुशीसाठी का आणलेले असेना.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील गहू व निदण यांचा दाखला आपण नेहमी मानवी पापपुण्याच्या संदर्भात ऐकतो. त्यातील धन्याची चिंता मात्र एखाद्या अनुभवी शेतकऱ्याची आहे. निदण उपटण्याची दासांची उतावीळ त्याला मान्य नाही. कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. शत्रूचे काम ओळखूनही तो हात आवरतो. वाइटावर उपाय करताना चांगल्याची हानी होणार नाही ना, हे आधी पाहावे, ही त्या दाखल्याची शिकवण शेतालाही लागू आहे आणि अंगणालाही.

* * *

येथे संत मार्टिन डी पोरेस यांची आठवण येते. पेरू देशातील लिमा शहरी १५७९ साली जन्मलेले, कृष्णवर्णीय मातेचे हे पुत्र डॉमिनिकन मठात झाडलोट आणि रुग्णसेवा करीत. मठातील वस्त्रे उंदीर कुरतडू लागले, तेव्हा विष घालण्याची गोष्ट निघाली. मार्टिन यांनी एका उंदराला हाती घेऊन सांगितले, अशी कथा आहे, की तुम्ही सर्वांनी बागेच्या टोकाला जाऊन राहावे, तेथे मी तुम्हाला रोज खावयास घालीन. आणि उंदीर रांगेने निघून गेले. १९६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांच्या चित्रात झाडू असतो, आणि कुत्रा, मांजर व उंदीर एका पात्रात जेवताना दाखवितात.

आम्ही मार्टिन नव्हे आणि आमच्या घुशी आमचे ऐकत नाहीत. परंतु या कथेचा मथितार्थ चमत्काराच्या पलीकडे आहे. उंदीर भुकेपोटी येतात, हे मार्टिन यांनी ओळखले. आणि त्यांच्यासाठी एक सीमा आखली. मठात स्वतः हलकी समजली जाणारी कामे करणाऱ्या माणसालाच हे सुचले, यातही काही अर्थ असावा.

आमच्या अंगणातही हा विचार उपयोगी पडला. घूस कशासाठी येते हे पाहू गेलो, तो कारणे आमचीच निघाली: झाकण नसलेली कचऱ्याची बादली, कुत्र्यापुढे रात्रभर उरलेले अन्न, झाडाखाली सडणारे पेरू, फुटलेली मोरी. ती सारी बंद केली. पायालगतची बिळे खणून त्यांत दगडगोटे ठासून भरले, वाफ्यांच्या तळाशी लोखंडी जाळी घातली. निम्मी हिरवळ काढून तेथे कमी पाण्यावर जगणारी झाडे लावली. जवळच्या जुन्या झाडावरील गव्हाणी घुबडाची जोडी 'अशुभ' म्हणून हाकलण्याचा शेजाऱ्यांचा विचार होता. ती उंदीर-घुशींवरच जगते हे सांगून तो बदलविला.

एवढे करूनही पिंजरा लावावा लागलाच. पिंजऱ्यात घूस सापडली की ती गावाबाहेर सोडून यावी, असा दयाळू सल्ला पुष्कळ जण देतात. परंतु गावाबाहेर कोणाचे तरी शेत असते. आपली पीडा गरिबाच्या बांधावर सोडून येणे ही दया कशी? म्हणून दोन घुशी आम्ही मारल्या. स्वतःच्या हाताने, शक्य तितक्या लवकर, आणि कोणाला सांगून नव्हे. ते कृत्य सुखाचे नव्हते. सुखाचे नसावे, असेच आम्हाला वाटते. ज्या दिवशी ते सहज जमू लागेल, त्या दिवशी आपल्यातीलच काहीतरी पोखरले गेले असेल.

आजही पावसाळ्यात एखादा ढिगारा उरलेल्या हिरवळीवर दिसतो. बागकामाला येणारे गृहस्थ तो फावड्याने सारखा करतात. जाळी बसविताना त्यांच्या हातांत चामड्याचे मोजे होते आणि दुसरी जोडी आमच्या हातांत. विषाची ती पुडी आम्ही दुकानदाराला परत केली.

एक दिवस प्रभू आमच्याकडे हिशेब मागेल. त्यात घुशी किती मारल्या हेही विचारले जाईल कदाचित. परंतु त्याआधी तो एवढेच विचारील, असे आम्हाला मनापासून वाटते: ती पुडी तू कोणाच्या हाती दिली होतीस?