पगार कशाचा, माया कशाची?



मूल सांभाळण्याचे काम मिळत आहे, घ्यावे की नाही, असे विचारायला अलीकडे आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच भगिनी कार्यालयात येऊन गेल्या. कोणाच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली आहे, कोणाला घराचे हप्ते फेडायचे आहेत, कोणाची मुले मोठी झाली आणि दिवस रिकामा जातो. पगार किती, हे त्या मला विचारत नाहीत. ते त्यांनी ब्युरोवालीकडून आधीच काढलेले असते. त्या विचारतात, "फादर, घर चांगलं आहे का, हे कसं ओळखायचं?" आणि एक प्रश्न जरा संकोचून येतो, "लेकराला जीव लावायचा आणि वर त्याचे पैसे मोजून घ्यायचे, हे बरं दिसतं का?"

हा दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

मूल सांभाळण्याबद्दल ठरवून पगार मिळालेली एक बाई पवित्र शास्त्रात आहे. ती म्हणजे मोशेची आई. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायातील ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातील पगाराकडे आपले लक्ष जात नाही. फारोच्या कन्येला नदीकाठच्या लव्हाळ्यात बाळाची पेटी सापडते. बाळाची बहीण जवळच उभी असते. ती पुढे होऊन विचारते की, दूध पाजायला एखादी इब्री बाई बोलावून आणू का? (कमिशन न घेणारा हा पहिलाच ब्युरो म्हणायला हरकत नाही.) आणि ती आणते ती बाळाच्या सख्ख्या आईला. बाळाला नेऊन वाढव, त्याचा मोबदला मी देईन, असे राजकन्या तिला सांगते. आई बाळ घेऊन घरी जाते.

त्या आईने पगार नाकारायला हवा होता का? ती तर स्वतःचेच मूल पाजत होती! शास्त्रलेखकाला मात्र त्यात काही खटकलेले दिसत नाही. त्या घरात दूध मायेचे होते आणि पगारही खरा होता. एकामुळे दुसरे खोटे ठरले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कान्ट या जर्मन विचारवंताचा १७८५ सालचा एक भेद आम्हाला शिकवला गेला. काही गोष्टींना किंमत असते, काहींना प्रतिष्ठा. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते. ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. कान्ट वाचायला जड, पण हा भेद आपल्या भगिनींच्या कामाला नेमका लागू पडतो. बाळ सांभाळणारी बाई आपले तास देते, झोप मोडते, कंबर दुखवून घेते, अनुभव पणाला लावते. या सगळ्याला किंमत आहे आणि ती ठरवून, मोजून घ्यावी. बाळाने गळ्याला मिठी मारल्यावर तिच्या पोटात जे हलते, त्याला किंमत नाही. ते कोणी विकत घेतलेले नाही आणि तिने विकलेलेही नाही. पगार मोजून घेताना ती माया विकत नसते. म्हणून संकोचाचे कारणच उरत नाही.

खरी अडचण उलट बाजूने येते. मायेला किंमत नाही हे मालकांनाही ठाऊक असते, आणि काही जण त्याचा सोयीस्कर अर्थ काढतात. "अगं, तू काय परकी आहेस? घरातलीच आहेस!" हे वाक्य ऐकायला गोड आहे, काही घरांत ते खरेही असते. पण त्याची एक सोपी परीक्षा आहे. घरातल्या माणसाला ताप आला तर त्याचा दिवसाचा खाडा धरतात का? घरातले माणूस सगळ्यांचे जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात खाली बसून जेवते का? त्याचा कप वेगळा ठेवलेला असतो का? 'घरातली' हा शब्द जर फक्त जादा काम सांगताना आठवत असेल आणि सुट्टी मागितल्यावर विसरला जात असेल, तर तिथे माया दाखवून मजुरी बुडवली जात आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या 'कारितास इन वेरिताते' या परिपत्रकात हेच शिकवले. प्रीती न्यायाच्या पुढे जाते, पण न्यायाला सोडून ती असू शकत नाही. आधी माणसाचे जे आहे ते त्याला द्यायचे, आणि मग आपले असेल ते द्यायचे. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःपाशी ठेवू नये, ही लेवीय ग्रंथातील ताकीद मला वाटते घरातल्या बाईलाही तंतोतंत लागू आहे.

आता पहिला प्रश्न, घर ओळखण्याचा. एका भगिनीसमोर दोन कामे होती. एक अंधेरीला, जुळ्या बाळांचे, चोवीस तासांचे, महिन्यातून एक सुट्टी. पगार दुसऱ्या कामाच्या जवळजवळ दुप्पट. दुसरे इथेच वसईत, नोकरी करणाऱ्या जोडप्याकडे, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, रविवार सुटी. तिची स्वतःची धाकटी सहा वर्षांची. दुप्पट पगाराचा मोह धरू नये, असे उपदेशाने सांगणे सोपे आहे; पण ज्या घरात फी भरायची राहिली आहे, तिथे दुप्पट पगार हा मोह नसतो, ती गरज असते. म्हणून मी तिला पगार सोड असे म्हणालो नाही. त्या पगारात नक्की काय काय द्यावे लागणार आहे ते आधी मोज, एवढेच म्हणालो. चोवीस तासांच्या कामात रात्रीची झोप जाते, रविवारची मिस्सा जाते आणि सहा वर्षांच्या मुलीची वर्षे जातात. यातल्या काही गोष्टी परत मिळतात, काही मिळत नाहीत. घरी खंबीर आजी असेल, वर्षा-दोन वर्षांचाच प्रश्न असेल, तर ते कामही योग्य ठरू शकते. आईने कामासाठी घर सोडणे हे पाप नव्हे. कित्येक घरांत तो त्याग आहे. पण त्यागाला मुदत असावी, आणि ती मुदत घरच्यांनी मिळून, निघण्यापूर्वी ठरवावी.

संत थॉमस अक्विनस विवेक या सद्गुणाविषयी लिहिताना सांगतात की, आधी चौकशी, मग निर्णय आणि मग कृती. आपण बहुधा मधूनच सुरुवात करतो. चौकशीत माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न एकच आहे: आधीची बाई का गेली? शक्य असेल तर तिलाच गाठावे. मालकीणबाई तिचा नंबर द्यायला सहज तयार असेल तर अर्धे काम झाले. मग कामाची हद्द विचारावी. "फक्त बाळ" म्हणून सुरू झालेले काम महिन्याभरात बाळाचे कपडे, मग सगळ्यांचे कपडे, मग भांडी आणि पाहुण्यांच्या पोळ्या असे पसरत जाते. बाळाच्या बाबतीत अखेरचा शब्द कोणाचा, आईचा की आजीचा, हेही विचारून घ्यावे. दोघींच्या मधोमध सापडलेल्या बाईची गत कठीण होते. झोपायची जागा डोळ्यांनी पाहावी. कॅमेरा आहे का, विचारावे. बाळाच्या खोलीत कॅमेरा असणे मला गैर वाटत नाही, उलट खोट्या आळापासून तो बाईलाही वाचवतो. पण ती जिथे झोपते, कपडे बदलते तिथे तो असता कामा नये. आणि आठवडाभर काम करून पाहण्याची सवलत दोन्ही बाजूंनी मागावी, त्या आठवड्याच्या पगारासह.

आपल्या बाजूनेही खरेपणा हवा. चार महिन्यांचे बाळ कधी सांभाळलेले नसताना "सांभाळलंय" म्हणू नये. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात, चौथ्या अध्यायात, योनाथानाच्या मुलाची दाई आहे. शौल आणि योनाथान युद्धात पडल्याची बातमी येते. पाच वर्षांच्या मुलाला उचलून ती पळत सुटते, घाईत मूल पडते आणि दोन्ही पायांनी अधू होते. ती बेपर्वा नव्हती. मुलाला वाचवायलाच धावत होती. या कामाचे ओझे तसे आहे, चांगल्या हेतूनेही हात सुटू शकतो. ताप चढला तर आधी कोणाला फोन करायचा, कोणते औषध स्वतःच्या मनाने द्यायचे नाही, घास घशात अडकला तर काय करायचे, हे पहिल्या दिवसापूर्वी शिकून घ्यावे.

परदेशातील कामांविषयी थोडे. आखाती देशांत मुले सांभाळायला गेलेल्या भगिनींनी इथली घरे उभी केली आहेत, हे आपण पाहतो. पण तिथे मालकाचे घर हेच बाईचे सगळे जग होते, म्हणून चौकशी दुप्पट हवी. ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट आहे (साधारणपणे दहावी न झालेल्यांच्या), अशा तीस वर्षांखालील स्त्रियांना आखाती देशांसह अठरा देशांत घरकामासाठी पाठवण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. आणि २०१६ साली अशा स्त्रियांची भरती खासगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिली. एजंट "टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बघू" म्हणत असेल, तर तो हा नियम चुकवत आहे आणि जोखीम मात्र तुमची आहे. कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी कायदा करून आठवड्याची सुट्टी दिली आणि पासपोर्ट काढून घेण्यास मनाई केली. तरीही कागदावरचा कायदा बंद दाराआड किती पोहोचतो, हे दार कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते.

इथली स्थिती फार पुढची आहे असे नाही. महाराष्ट्रात २००८ सालच्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आले. अठरा ते साठ वयाच्या भगिनींनी त्यात नोंदणी करावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियाही येतात, आणि तक्रार जिल्ह्याच्या समितीकडे करता येते. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली जिनिव्हा येथे झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता काही दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले.

हे पान वाचणाऱ्यांत बाई शोधणारेही आहेत, हे मी विसरलेलो नाही. आपल्याच धर्मग्रामातील नर्स, शिक्षिका, बँकेत जाणारे आईवडील. तुमचीही ओढाताण मला दिसते. तुम्हाला एकच आठवण करून देतो. उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात याकोबाच्या भल्यामोठ्या कुटुंबाच्या प्रवासात एका म्हातारीचे मरण नोंदलेले आहे. ती दबोरा, रिबेकेची दाई. तिला बेथेलजवळ एका झाडाखाली पुरले आणि त्या झाडाला रडण्याचे झाड असे नाव पडले. रिबेका स्वतः कधी वारली, हे त्या ग्रंथात कुठेच लिहिलेले नाही.

काम सोडतानाही मुलाचा विचार दोघांनी करावा. महिनाभर आधी सांगावे, मुलाला "मावशी गावाला गेली" असे खोटे सांगू नये, आणि तिला निरोप घेऊ द्यावा. मूल रडेल, रडू द्यावे.

एक व्यवहाराची गोष्ट. कामासाठी भगिनी माझ्याकडे चारित्र्याची चिठ्ठी मागतात आणि मी ती आनंदाने देतो. यापुढे चिठ्ठी देताना मी मालकाचे नाव, पत्ता आणि फोन लिहून ठेवणार आहे, आणि मालक ख्रिस्ती असतील तर त्यांच्या धर्मगुरूंकडेही चौकशी करणार आहे. चारित्र्य नेहमी एकाच बाजूचे का तपासायचे? कामाचे तास, पगाराची तारीख, सुट्टी आणि सोडण्याची मुदत लिहायचा एक पानी मराठी कागद कार्यालयात ठेवला आहे. दुसऱ्या मिस्सेनंतर तो घेऊन जावा. दोन प्रती घ्याव्यात, एक त्यांना, एक स्वतःजवळ.

आपला,
फादर