परदेशगमन आणि गृहस्थाचा योगक्षेम

गृहस्थाश्रमात कित्येकदा असा प्रसंग येतो की, समोरचे दोन्ही मार्ग निर्दोष दिसतात आणि तरीही मनुष्याला रात्रभर झोप येत नाही. चोरी करावी की न करावी, ह्याचा निर्णय सज्जनास कठीण नसतो. परंतु घरी राहून आपल्या माणसांची सेवा करावी की दूर जाऊन त्यांच्याच पोषणाची तरतूद करावी, हा निर्णय कठीण असतो. कारण दोन्ही बाजूंस कर्तव्यच उभे असते. आज आपल्या देशातील पुष्कळ कुटुंबांपुढे ह्याच जातीचा एक प्रश्न उभा आहे. परदेशात कायम राहण्याचा हक्क हाती आलेला नसता केवळ मुदतीच्या कामाच्या परवान्यावर तेथे जावे काय? की तो हक्क येथूनच मिळेपर्यंत धीर धरावा?

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याला लागून, पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९७० च्या दशकात ते वसविण्यात आले. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स कंपनीचा कारखाना जवळच जालहळ्ळीस होता. त्यामुळे यंत्रकामाची विद्या ह्या परिसरात आधीच रुजली होती. पीण्यात लहानमोठे हजारो कारखाने उभे राहिले. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग अशी कामे तेथे चालतात, आणि कन्नड, तमिळ, तेलुगू बोलणाऱ्यांच्या शेजारी बेळगावकडचे मराठी कारागीरही यंत्रावर उभे असतात.

अशाच एका कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करणारे एक गृहस्थ गेल्या वर्षी माझ्याकडे आले. त्यांच्या वडिलांचा व माझा जुना स्नेह होता. वय चौतीस, घरी पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि वृद्ध आई. कॅनडातील एका यंत्रशाळेने त्यांना दोन वर्षांच्या परवान्यावर बोलाविले होते. ते म्हणाले, "काका, थांबलो तर वय वाढते आणि गेलो तर घर उघडे पडते. मी काय करावे?"

त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. कायम वास्तव्यासाठी कॅनडाने २०१५ साली गुणांची जी पद्धत सुरू केली, तिचे कोष्टक त्यांनी नीट पाहिले होते. पत्नीसह अर्ज करणाऱ्याला वयाबद्दल जास्तीत जास्त १०० गुण, आणि तेही २९ व्या वर्षापर्यंतच. चौतिसाव्या वर्षी ते ७५ होतात, पुढे दर वर्षी घटत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्य होतात. उलट त्या देशात एक वर्ष कुशल काम केले तर त्याचे ३५ गुण नव्याने मिळतात. म्हणजे येथे थांबणाऱ्याचे गुण वयाबरोबर झिजतात, आणि तेथे गेलेल्याचे काही काळ वाढतात. केवळ गणित पाहिले तर जाणेच श्रेयस्कर.

परंतु गणिताची दुसरी बाजूही होती. परवाना एकाच मालकाशी बांधलेला होता. दुसरीकडे काम करावयाचे तर नवा परवाना हवा. मालकाने छळ केल्यास खुला परवाना मागण्याची सोय २०१९ पासून आहे, हे खरे. पण ती मागण्याइतके धैर्य आणि भाषा परक्या मुलखात एकट्या माणसापाशी असतेच असे नाही. शिवाय नियम बदलत असतात. पूर्वी नोकरीचे निमंत्रण हाती असले की त्याचे ५० किंवा २०० गुण मिळत. २५ मार्च २०२५ पासून ते बंद झाले. २०२५ साली पाच लाख लोकांना कायम वास्तव्य देण्याचा त्या सरकारचा संकल्प होता. २०२४ च्या ऑक्टोबरात तो ३,९५,००० वर आणण्यात आला. परवान्यावरील कामगाराच्या पत्नीला तेथे काम करण्याची मुभाही २०२५ च्या जानेवारीपासून ठराविक व्यवसायांपुरतीच उरली. ज्या नियमांच्या भरवशावर मनुष्य निघतो, ते तो पोहोचेपर्यंत तसेच राहतील अशी हमी कोणीच देत नाही.

ही स्थिती आपल्या पूर्वजांना अगदीच अपरिचित होती असे नाही. जुन्या मराठी गावगाड्यात शेत कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. सारा भरीत राहिला की त्याला कोणी उठवू शकत नसे, आणि गावच्या विचारविनिमयात त्याला मान असे. उपरी बाहेरून येई, मुदतीने जमीन करी आणि मुदत संपली की उठे. घाम दोघांचाही तेवढाच गळे. परंतु एकाच्या घामाला मूळ फुटे, दुसऱ्याच्या घामाला फुटेलच असे नसे. पुष्कळ उपऱ्यांनी टिकाव धरून पुढे मिरास मिळविली. पुष्कळजण एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहिले. आजचा कामाचा परवाना म्हणजे उपरीपण होय आणि कायम वास्तव्य म्हणजे मिरास.

तेव्हा उपरी होणे वाईट काय? मुळीच नव्हे. कष्टाची लाज कोणत्याच गावी नसावी. प्रश्न एवढाच की, मिरास मिळेपर्यंतच्या काळात जी अनिश्चितता आहे, तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो?

'योगक्षेम' हा शब्द गीतेच्या नवव्या अध्यायामुळे आपल्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. जे मिळालेले नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळालेले आहे ते सांभाळणे हा क्षेम, असा त्याचा अर्थ आचार्यांनी लावला आहे. मनुष्याला योगाची ओढ फार असते, क्षेमाची त्या मानाने कमी; कारण मिळविण्याला कौतुक आहे, सांभाळण्याला नाही. परदेशी जाणारा योगासाठी निघतो. मागे राहणारे क्षेम सांभाळतात. आईचे औषध, मुलीची शाळा, घराचे भाडे, आजारपणातील रात्री, हे सगळे त्यांच्याकडे येते. भार भगवंतावर टाकावा असे आपण ऐकतो. पण पुष्कळदा मनुष्य म्हणतो की मी भार देवावर टाकला, आणि नीट पाहिले तर तो भार त्याने पत्नीवर व आईवर टाकलेला असतो, तोही त्यांना न विचारता. ही शरणागती नव्हे. भक्तीच्या नावाखाली केलेला हा अन्याय आहे.

येथे एक शंका उत्पन्न होते. फळाची आसक्ती धरू नये असे सांगितले असता इतका हिशेब कशाला? कर्म करावे आणि जे होईल ते होऊ द्यावे. ह्याचे समाधान असे की, फळाची आसक्ती सोडणे निराळे आणि परिणामाचा विचार सोडणे निराळे. शेतकरी पिकाविषयी अनासक्त असू शकेल. परंतु म्हणून तो ज्येष्ठात पेरावयाचे बी माघात पेरीत नाही. जे आपल्या हाती आहे त्यात पूर्ण सावधपणा आणि जे हाती नाही त्याविषयी शांती, हीच अनासक्ती. परवाना कोणत्या जातीचा आहे, त्यातून कायम वास्तव्याची वाट निघते की नाही, हे शोधणे आपल्या हाती आहे. सर्व परवाने सारखे नसतात. जर्मनीत निळ्या कार्डावर काम करणाऱ्या सुशिक्षित कामगारास २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा चांगली अवगत असल्यास २१ महिन्यांनी, कायम वास्तव्य मागता येते. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने कोणत्याही एका देशास ७ टक्क्यांची मर्यादा घातली असल्यामुळे भारतीयांना रांगेत कित्येक वर्षे काढावी लागतात. तेवढ्यात बरोबर नेलेले मूल २१ वर्षांचे झाले तर आईबापांचे आश्रित म्हणून त्याचा तेथे राहण्याचा आधार संपतो. आखाती देशांत नोकरीच्या परवान्यातून अशी वाट सहसा निघतच नाही. हे न पाहता निघणे म्हणजे अनासक्ती नव्हे, निष्काळजीपणा होय.

दुसरी शंका अशी की, परवाना मिळवून देतो म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली तर द्यावी काय? कॅनडात परदेशी कामगार आणण्याच्या परवानगीसाठी मालकाने सरकारला १,००० डॉलर भरावयाचे असतात, आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. मग जो मनुष्य नोकरीच विकतो, तो पहिल्याच पावलाला कायदा मोडावयास लावतो. असत्यावर उभारलेल्या घरात पुढे सत्याने राहता येत नाही. जमीन गहाण टाकून असा परवाना घेणाऱ्याची स्थिती तर आणखी कठीण. कर्ज फिटेपर्यंत त्याला मालकाचा अन्याय सोसावा लागतो आणि घरी परत येण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही.

ह्या गृहस्थांच्या बाबतीत सुदैवाने कोणी रक्कम मागितली नव्हती. मी त्यांना म्हटले, "आईला विचारलेत काय?" ते म्हणाले, "दोनच वर्षांचा प्रश्न आहे असे सांगितले आहे." पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बोलणे निघताच आई म्हणाल्या, "भाऊजी, ह्याचे वडील बेळगाव सोडून पीण्यात आले, तेव्हा तेही सासूबाईंना दोनच वर्षे म्हणाले होते. सासूबाई दर दिवाळीला वर्षे मोजायच्या. मोजता मोजता त्या गेल्या. ते खोटे बोलले नव्हते. त्यांनाही तसेच वाटत होते." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तू जा. मी अडवीत नाही. पण मला दोन वर्षे म्हणू नकोस. ठाऊक नाही, असे म्हण. ठाऊक नसलेले मी सोशीन. सांगितलेले खोटे ठरले की ते सोसवत नाही."

त्या माउलीच्या बोलण्यात ह्या प्रश्नाचे उत्तर सामावले आहे. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर आपल्याकडचे मजूर पाच वर्षांच्या कराराने गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. पुष्कळ परत आले; पुष्कळ आले नाहीत. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात. मुदत कागदावर असते. आयुष्य त्या मुदतीप्रमाणे चालतेच असे नाही. म्हणून अनिश्चित गोष्ट निश्चित म्हणून सांगणे, मग ती कितीही प्रेमाने सांगितलेली असो, हे घरच्यांच्या विश्वासावर काढलेले कर्ज आहे.

त्या दिवशी सर्वांनी बसून काही गोष्टी ठरविल्या. पहिले वर्ष त्यांनी एकट्याने जावे. मुलीची शाळा मोडू नये. कर्ज काढू नये. विमानभाडे व पहिल्या महिन्यांचा खर्च शिलकीतून करावा. आईच्या औषधपाण्यासाठी सहा महिन्यांची रक्कम पत्नीच्या नावे आधी ठेवावी. परवाना संपेपर्यंत कायम वास्तव्य मिळाले नाही आणि परवान्याची मुदतही वाढली नाही, तर मुकाट्याने परत यावे. परवान्यावाचून एक दिवसही तेथे राहू नये. आणि परत आल्यास घरातील कोणीही त्याला हरला असे म्हणू नये. ही शेवटची अट पत्नीने घातली. त्या म्हणाल्या, "अहो, परत यायला लाज वाटली नाही, तरच तुम्ही तिथे सरळ राहाल."

एखाद्या दुसऱ्या घरी ह्याच विचाराने न जाण्याचा निर्णय होईल आणि तोही तितकाच योग्य असेल. जेथे आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि सांभाळणारे दुसरे कोणी नाही, किंवा जेथे पत्नीची संमती केवळ भिडेची आहे, तेथे थांबणे हाच धर्म. मग वयाचे गुण घटले तरी घटोत. तेव्हा जावे की थांबावे ह्याचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. परंतु कसोटी मात्र सर्वांना एकच आहे. जो धोका आपण पत्करतो, तो ज्यांच्यावर पडणार त्यांना तो स्पष्ट सांगितला आहे काय? त्यांनी तो मोकळ्या मनाने स्वीकारला आहे काय? त्यातील शक्य तेवढा भाग आपण आपल्या अंगावर घेतला आहे काय? ह्या तीन प्रश्नांना अंतःकरण होय म्हणाले, तर निघण्यास हरकत नाही. एकालाही ते अडखळले, तर आधी ती अडचण दूर करावी.

ते गृहस्थ गेले. त्यास आता आठ महिने झाले. पुढे काय होईल, हे अजून कोणालाच माहीत नाही. दर रविवारी फोन येतो. आई प्रकृती विचारते, थंडी विचारते, जेवलास काय म्हणून विचारते. कधी येणार, हे मात्र त्या विचारीत नाहीत. आणि तेही सांगत नाहीत. त्या दोघांमध्ये आता खोटे असे काही उरलेले नाही. फळ हाती येवो वा न येवो, कर्म शुद्ध झाले आहे.