तक्रारी निरंक

वर्षातून एकदा महाविद्यालयांच्या कार्यालयात माहिती भरून पाठवण्याची घाई उडते. विद्यापीठाला एक तक्ता, विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसी) दुसरा, मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या फायलीत तिसरा. या तक्त्यांत काही रकाने असे असतात, की ते भरताना लिपिकाला कुणाला काही विचारावं लागत नाही. रॅगिंगच्या तक्रारी निरंक, लैंगिक छळाच्या तक्रारी निरंक, जातीय भेदभावाच्या तक्रारी निरंक. प्राचार्यांची सही होते, शिक्का बसतो. ही निरंकांची रांग संस्थेचं भूषण समजली जाते.

चार-पाच हजार मुलं, वसतिगृह, मेस, प्रयोगशाळा, तोंडी परीक्षा, गॅदरिंग, आणि वर्षभरात कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नाही! एखाद्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत वर्षभर एकही गुन्हा नोंदला गेला नाही, तर वरिष्ठ आधी ठाणेदाराचीच चौकशी लावतील. महाविद्यालयाला मात्र त्याच शून्यासाठी शाबासकी मिळते. गेल्या तीस वर्षांत कायदे आले, समित्या आल्या, हेल्पलाइन आली, तक्रार म्हणजे काय याची समजही बदलली. या शून्याची प्रतिष्ठा तेवढी शाबूत राहिली.

पूर्वी तक्रार कागदावर यायचीच नाही. गोष्ट ‘सरांच्या कानावर घातली’ जायची. सर दोघांना केबिनमध्ये बोलावत, एकाला दम देत, दुसऱ्याची समजूत काढत आणि प्रकरण मिटे. प्राचार्य भला असला तर न्यायही होई, हे मान्य करायला हवं. पण तो सारा शिस्तीचा मामला होता. चुकायचा तो विद्यार्थी, निवाडा करायची ती संस्था. संस्थेचंच काही चुकत असेल, ही शंका घ्यायला त्या केबिनमध्ये जागा नव्हती. रॅगिंग तर शिस्तीच्याही अलीकडचं, गमतीच्या खात्यात जमा. ‘आम्हीही सोसलंय’ असं सांगणारे डॉक्टर आणि इंजिनीअर आजही घरोघरी भेटतात.

१९९६च्या नोव्हेंबरात चिदंबरमच्या राजा मुथय्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या नवरसू या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा खून झाला. मारणारा सीनिअर होता. नवरसूचे वडील कुलगुरूपद भूषवलेले. तरीही मुलगा सुरक्षित नव्हता. तामिळनाडूने पुढच्याच वर्षी रॅगिंगबंदीचा कायदा केला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्राचा कायदा आला. दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, पाच वर्षं कुठेच प्रवेश नाही, ही शिक्षा त्यातली ठळक बाब. पण खरी धार पुढच्या कलमांत आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. हे करण्यात त्याने कसूर केली, तर रॅगिंगला त्यानेच चिथावणी दिली असं कायदा मानतो. आतापर्यंत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कायद्याने प्रथमच आरोपीचा पिंजरा दाखवला. सव्वीस-सत्तावीस वर्षं होऊनही हे कलम किती प्राचार्यांनी वाचलं असेल, हा प्रश्नच आहे.

दुसरी वाट राजस्थानातल्या भटेरी गावातून आली. बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवी या ‘साथिन’वर, म्हणजे सरकारी महिला विकास योजनेतल्या कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर ऑगस्ट १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं दिली. तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री असावी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि बाहेरच्या संस्थेतलं, विषय जाणणारं कुणीतरी असावं. हा बाहेरचा माणूस फार महत्त्वाचा. ज्याची वेतनवाढ त्या संस्थेच्या हातात नाही, असा एक तरी माणूस टेबलाशी बसलेला असावा, हे न्यायालयाने ओळखलं होतं. दिल्लीच्या जेएनयूने १९९९ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या ‘जीएसकॅश’ या समितीत विद्यार्थ्यांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी होते. २०१७ मध्ये ती बरखास्त करून विद्यापीठाने २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यातली अंतर्गत समिती आणली. नियमाला धरून झालं खरं. पण जिच्यावर मुलींचा भरवसा बसला होता ती व्यवस्था मोडून कागदोपत्री निर्दोष व्यवस्था आणण्याचा व्यवहार शहाणपणाचा नव्हता.

२००९च्या मार्चमध्ये हिमाचलातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा सीनिअरांच्या मारहाणीत मृत्यू झाला. सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीचा रॅगिंगविषयीचा अहवाल तोवर दोन वर्षं जुना झाला होता. मग यूजीसीने त्याच वर्षी नियम केले, चोवीस तासांची हेल्पलाइन सुरू झाली आणि प्रत्येक विद्यार्थ्याने व पालकाने दर वर्षी प्रतिज्ञापत्र देण्याची पद्धत आली. हेल्पलाइनचा उपयोग झाला, कारण तक्रारीला महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर नेणारी ती पहिली खिडकी होती. प्रतिज्ञापत्राचं मात्र जे व्हायचं तेच झालं. प्रवेशाच्या दिवशी सायबर कॅफेवाला इतर अर्जांबरोबर तेही भरून देतो.

या सगळ्यात तक्रार म्हणजे घटना, असंच सगळे धरून चालले होते. कुणी कुणाला मारलं, छेडलं, तर तारीख असते, जागा असते, कधी साक्षीदार असतो. ही समजूत हलवली ती सुखदेव थोरात यांच्या समितीने. मराठवाड्यातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले थोरात तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी २००६ मध्ये समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी अहवाल आला. वसतिगृहात ही मुलं ठरावीक मजल्यांवर एकवटत गेली होती. शिक्षक आपल्याला इतरांइतका वेळ देत नाहीत, असं ती सांगत होती. यातल्या एकाही गोष्टीला तारीख नाही. रूम पार्टनरने खोली बदलून घेतली, हा काही गुन्हा नाही. दहा मुलांच्या बाबतीत दहा वेळा तेच घडलं, की मात्र ती संस्थेची रीत होते.

इथे चौकशी करणाऱ्याचं कसब पणाला लागतं. ‘अमुक सर मला तोंडी परीक्षेत मुद्दाम कमी गुण देतात,’ अशी तक्रार आली की रूढ चौकशी अधिकारी सरांना बोलावतो, सर नाही म्हणतात, साक्षीदार नसतो, ‘तथ्य आढळले नाही’ असा शेरा पडतो. प्रामाणिकपणे शोधायचं तर चार-पाच वर्षांच्या गुणपत्रिका काढाव्या लागतील, लेखीतले आणि तोंडीतले गुण शेजारी ठेवावे लागतील, राखीव आणि खुल्या प्रवर्गात ही तफावत वेगळी पडते का ते पाहावं लागेल. खोल्यांच्या वाटपाची नोंदवही, प्रबंधासाठी मार्गदर्शक नेमल्याच्या याद्या, शस्त्रक्रियागृहातल्या ड्यूट्यांचे तक्ते हेच या कामातले साक्षीदार. ते सगळे संस्थेच्याच कपाटात असतात. आणि त्यातून सर निर्दोष ठरले, तर तेही कागदानिशी ठरतात. हा लाभ शिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

२०१२च्या समता नियमांत यूजीसीने यातलं बरंच पकडलं. वर्गात विद्यार्थ्यांची जात जाहीर करणं, ‘राखीववाला’ म्हणून शिक्का मारणं, प्रयोगशाळेत घेऊनही काम न देता बसवून ठेवणं, असे प्रकार भेदभाव म्हणून नावानिशी नोंदवले. भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा, तो प्राध्यापकाच्या दर्जाचा असावा, तक्रारीवर साठ दिवसांत निर्णय द्यावा. पण ‘विशाखा’ने सांगितलेला बाहेरचा माणूस इथे नाही. त्याच विभागांत ज्याचे मित्र आणि प्रतिस्पर्धी आहेत, असा एक प्राध्यापक एकट्याने निवाडा करणार. २०१५च्या लैंगिक छळविरोधी नियमांत यूजीसीने अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य तर ठेवलाच, शिवाय विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसवले. जातीच्या तक्रारीला मात्र ही सोय मिळाली नाही.

मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातल्या पायल स्त्रीरोग विभागात शिकत होत्या. तीन सीनिअर डॉक्टरांवर अॅट्रॉसिटी कायदा, रॅगिंगबंदी कायदा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं कलम अशा तिन्हींखाली गुन्हा दाखल झाला. हे रॅगिंग, की जातीय छळ? पोलिसांना दोन्ही कायदे एकाच वेळी लावता आले. महाविद्यालयाच्या रचनेत मात्र रॅगिंगची समिती वेगळी, भेदभावाचा अधिकारी वेगळा, लैंगिक छळाची समिती आणखी वेगळी. आपला त्रास कोणत्या दालनात बसतो हे सोसणाऱ्यानेच आधी ठरवायचं. पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी साधी होती, २०१२चे नियम अमलात आणा.

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळं वळण लागलं. १९८६च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. आधीच्या तीन वर्षांत त्या परिसरात अडतीस हिंसक गुन्हे घडल्याचं आईवडिलांना नंतर कळलं. त्यांच्या झगड्यातून १९९०चा कायदा आला. परिसरातल्या गुन्ह्यांचे आकडे महाविद्यालयांनी दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करायचे, रोजची गुन्हेनोंदवही कुणालाही दाखवायची. आकडे दडवणाऱ्याला दंड. लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १.४ कोटी डॉलरचा झाला. पुण्या-नाशिकहून मुलाला तिकडे पाठवणारा बाप हे आकडे घरबसल्या वाचू शकतो. मुंबईत ठेवलेल्या मुलीच्या बापाला ती सोय नाही. जून २०२३ मध्ये मरीन ड्राइव्हवरच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय तिथल्याच पहारेकऱ्यावर गेला. अशा इमारतीविषयी आधी कुणी काय सांगितलं होतं, हे पाहायला खुली नोंदवही आपल्याकडे नाही.

इकडे याचिकेच्या रेट्याने यूजीसीला आकडे द्यावे लागले. जातीय भेदभावाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या, २०२३-२४ मध्ये ३७८. भेदभाव दुपटीने वाढला, असा गलका लगेच झाला. चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयांच्या देशात ३७८ हा आकडा वाढल्याची चिंता करायची, की इतका लहान असल्याची? जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीने समता समित्या आणि समता पथकांची तरतूद असलेले नवे नियम आणले. मसुद्यातली खोट्या तक्रारीबद्दलची शिक्षा अंतिम नियमांत नव्हती. त्यावरून आणि भेदभावाच्या व्याख्येवरून खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी आंदोलनं केली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नव्या नियमांना स्थगिती दिली आणि २०१२चे नियम चालू ठेवले.

खोट्या तक्रारीची भीती अगदीच काल्पनिक नाही. पण तिचा तोडगा आधीच लिहून ठेवलेला आहे. २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा दुष्ट हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा सांगतो. त्याच कलमात तो असंही म्हणतो, की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती दुष्ट हेतूची ठरत नाही. हीच दोन वाक्यं जातीच्या तक्रारीला लावली असती, तर रस्त्यावरचं निम्मं भांडण टळलं असतं.

न्यायालय काय ठरवेल ते ठरवेल. प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांनी तोवर फी आणि प्लेसमेंटच्या जोडीने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव काय, अंतर्गत समितीवर बाहेरचं कोण आहे, आणि गेल्या वर्षी किती तक्रारी येऊन त्यांचं काय झालं. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल आणि तिसऱ्याला अभिमानाने ‘एकही नाही’ असं आलं, तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये त्याच दिवशी साठवून द्यावा.