शिसे, रंग आणि पुराव्याचे ओझे

शिसे हा मऊ, जड, सहज वितळणारा आणि स्वस्त धातू. त्याची संयुगे रंगाला तजेला देतात. लेड क्रोमेट गर्द पिवळे असते. त्यात थोडा फेरफार केला की नारिंगी आणि लाल छटा मिळतात, निळ्या रंगद्रव्यात मिसळले की हिरवा रंग तयार होतो. भिंती-दारांना लावला जाणारा जुना सफेदा हे शिशाचे कार्बोनेट होते आणि पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. तेलरंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार घातले जात. हा धातू विषारी आहे हे माहीत असूनही तो दारे, खिडक्या, पाळणे आणि खेळणी यांवर शंभराहून अधिक वर्षे बिनबोभाट लावला गेला.

घरातल्या वस्तूंमधील विषारी द्रव्यांवरचा कोणताही वाद शेवटी तीन प्रश्नांवर येतो. किती प्रमाण अपायकारक मानायचे? ते कोणी सिद्ध करायचे? आणि सिद्ध होईपर्यंत माल विकू द्यायचा की थांबवायचा? शिशाच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांवरचा वाद पुरता लढला गेला आहे, म्हणून इतर द्रव्यांविषयी मत बनवतानाही तोच तपासावा लागतो.

शरीरात काय घडते

शरीर शिशाला कॅल्शियम समजते. त्यामुळे ते आतड्यातून रक्तात, रक्तातून हाडांत आणि मेंदूत शिरते. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, पण हाडांत साठलेले दशकानुदशके राहते. गर्भारपणात हाडांतले कॅल्शियम वापरले जाते तेव्हा त्याबरोबर जुने शिसेही रक्तात उतरते आणि नाळेतून गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका अंश प्रौढाचे शरीर शोषते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाचे शरीर शोषते. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत हे शोषण आणखी वाढते. म्हणजे कुपोषित मुलाला त्याच धुळीचा त्रास अधिक. तीव्र विषबाधेत शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे देता येतात, मात्र मेंदूचे झालेले नुकसान त्यांनी भरून निघत नाही.

हे विष घरात कसे पसरते ते दिवाळीआधीच्या रंगकामात दिसते. जुन्या ऑइल पेंटवर नवा थर नीट बसावा म्हणून रंगारी पट्टीने पोपडे खरवडतो, चौकट कोरड्या पॉलिश पेपरने घासतो, भेगांत लांबी भरतो आणि मग प्रायमर मारतो. घासताना उडालेली बारीक भुकटी फरशीवर, गादीवर आणि खिडकीच्या कठड्यावर बसते. रांगणाऱ्या मुलाचा हात फरशीवर टेकतो आणि तोंडात जातो. पाच वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असते. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम ही आज चिंताजनक मानली जाणारी पातळी गाठायला त्या सगळ्या रक्तात मिळून ७५ मायक्रोग्रॅम शिसे पुरते. एक टक्का शिसे असलेल्या रंगाच्या एक ग्रॅम पोपड्यात दहा हजार मायक्रोग्रॅम शिसे असते. त्यातले बरेचसे शोषले न जाता बाहेर पडते आणि शोषलेले बहुतांश हाडांत जाते. तरीही दोन आकड्यांतली तफावत पुरेशी बोलकी आहे. भुकटीत सर्वाधिक वेळ उभा असतो तो रंगारी, आणि तीच भुकटी त्याच्या कपड्यांबरोबर त्याच्याही घरी जाते.

‘पुरावा दाखवा’

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहिले होते की, तिथल्या मुलांना होणाऱ्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगवलेल्या भिंती आणि कठडे यांत आहे. फ्रान्सने १९०९ मध्ये सफेद्याविरुद्ध कायदा केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्ये इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार मांडला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर देशव्यापी बंदी यायला मात्र १९७८ उजाडले. मधल्या काळात ज्ञान उपलब्ध होते. अडले ते पुरावा कोणी द्यायचा या मुद्द्यावर.

त्याचे उत्तर पेट्रोलच्या वादात ठरले होते. इंजिनातली खडखड थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घालायला अमेरिकेत १९२३ च्या सुमारास सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील एका प्रक्रिया प्रकल्पात ते हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांचे म्हणणे होते की, हे द्रव्य कोट्यवधी लोकांच्या श्वासात जाणार असेल तर ते निर्धोक असल्याचे आधी दाखवावे. उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट कीहो यांनी उलटी भूमिका घेतली: अपाय दाखवून द्या, मग आम्ही थांबू. ही दुसरी भूमिका सरकारने स्वीकारली आणि पुढची चार दशके या विषयावरचे बहुतेक संशोधन उद्योगाच्याच पैशावर चालले.

कीहो यांचा सिद्धांत असा की, थोडे शिसे प्रत्येकाच्याच अंगात असते, म्हणून ते नैसर्गिक. आणि दर डेसिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमपर्यंत धोका नाही. भूवैज्ञानिक क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये हा युक्तिवाद मुळातून खोडला. पृथ्वीचे वय मोजताना त्यांच्या नमुन्यांत सतत बाहेरचे शिसे मिसळत होते आणि त्याचा माग काढत ते या विषयाकडे वळले होते. आधुनिक माणसाच्या अंगातले शिसे सर्रास आढळत असले तरी ते नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे, असे त्यांनी दाखवले. सर्वत्र आढळणारी गोष्ट स्वाभाविकच असते हा समज इथे मोडला.

उरलेला प्रश्न किती प्रमाणाने अपाय होतो हा होता. बॉस्टनजवळच्या शाळांतील मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून हर्बर्ट नीडलमन यांनी त्यांतले शिसे मोजले. रक्ताची चाचणी त्या दिवसापुरती माहिती देते, दात मात्र कित्येक वर्षांचा हिशेब राखतो. १९७९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, विषबाधेची कसलीही लक्षणे नसलेल्या मुलांतही दातांतले शिसे जास्त असेल तर बुद्ध्यंक कमी होता आणि वर्गातले लक्षही. पुढे नीडलमन यांच्यावर शास्त्रीय गैरवर्तनाचा आरोप झाला, चौकशी झाली आणि ते त्यातून निर्दोष सुटले.

रक्तातल्या शिशाची दखल घेण्याची पातळी (दर डेसिलिटरला) अमेरिकेत किती वेळा बदलली ते पाहण्यासारखे आहे: १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम, १९७० च्या सुमारास ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. प्रत्येक आकड्याच्या खालची मुले त्या त्या काळात सुरक्षित समजली गेली. २००५ मध्ये वेगवेगळ्या देशांतील १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासाने आणखी धक्का दिला. पातळी २.४ वरून १० वर गेली की बुद्ध्यंकात सरासरी ३.९ गुणांची घट होते, तर १० वरून २० वर गेल्याने फक्त १.९ गुणांची. म्हणजे पहिले काही मायक्रोग्रॅम सर्वांत महाग पडतात. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

नियमनाविरुद्धचे आक्षेप

नियमनाला विरोध करणाऱ्यांचे सगळे म्हणणे स्वार्थापोटी असते असे नाही. मीठही अति झाले तर घातक ठरते. द्रव्य विषारी आहे एवढ्यावरून त्याचा प्रत्येक वापर धोक्याचा होत नाही. पर्यायी द्रव्य मूळ द्रव्याइतकेच वाईट निघू शकते: प्लास्टिकमधील बिस्फेनॉल-ए टाळण्यासाठी आलेल्या बिस्फेनॉल-एसबद्दलही आज तशाच शंका आहेत. चाचणीचा खर्च मोठ्या कंपनीला जाणवत नाही, लहान कारखानदाराला मात्र तो जड जातो.

यातला पहिला आक्षेप शिशाला लागू पडत नाही, कारण शरीराला शिशाचा कसलाच उपयोग नाही. पर्यायांच्या बाबतीतही अडचण नव्हती; टायटॅनियम डायऑक्साइड, सेंद्रिय रंगद्रव्ये, झिर्कोनियम व कॅल्शियमचे वाळवक बाजारात होतेच. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण सरकारी प्रयोगशाळांनी चाचण्या स्वस्त केल्या की तो सुटतो.

कायदा पुराव्याचे ओझे कोणावर टाकतो, यावर मात्र फार काही ठरते. अमेरिकेच्या १९७६ च्या विषारी द्रव्य कायद्याने आधीपासून बाजारात असलेली सुमारे ६२,००० रसायने चाचणीविनाच पुढे चालू दिली. त्याच कायद्याखाली काढलेली अ‍ॅस्बेस्टॉसबंदी १९९१ मध्ये न्यायालयात मोठ्या अंशी रद्द झाली. युरोपीय संघात २००७ पासून लागू असलेल्या ‘रीच’ नियमावलीने बाजू पालटली: रसायनाची माहिती उत्पादकाने द्यायची, ती नसेल तर बाजार बंद. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि आपली कृती पर्यावरणाला निरुपद्रवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी उद्योजकावर ठेवली. तत्त्व स्वीकारले गेले. घरगुती वस्तूंतील रसायनांसाठी रीचसारखा सर्वसमावेशक कायदा मात्र भारतात आलेला नाही. नियम वस्तूगणिक वेगळे होतात.

भारतातला नियम आणि त्याच्या फटी

शिसेमुक्त पेट्रोल भारतातील चार महानगरांत १९९५ मध्ये आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर सक्तीचे झाले. ग्राहकाला यात काहीच निवडावे लागले नाही; तेलशुद्धीकरण कारखान्यांतच शिसे थांबले. अमेरिकेत याच मार्गाने १९७६ ते १९९१ या काळात लोकांच्या रक्तातली सरासरी पातळी १२.८ वरून २.८ मायक्रोग्रॅमवर आली होती. उगम मोजके असतील तर नियम लवकर लागू पडतो.

रंगाचे उगम मोजके नाहीत. नामांकित कंपन्यांबरोबर शेकडो लहान कारखाने स्थानिक नावाने डबे विकतात. दीर्घकाळ भारतीय मानक ऐच्छिक होते. काही मोठ्या कंपन्यांनी आपणहून शिसे काढले, इतरांना सक्ती नव्हती. अखेर १ नोव्हेंबर २०१६ रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नियम निघाले आणि वर्षभराने लागू झाले. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे एक किलो रंगात ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि तसे डब्यावर छापलेले असावे, असे हे नियम सांगतात.

मर्यादा जगातल्या कडक मर्यादांपैकी आहे. तिच्या फटीही उघड आहेत. औद्योगिक रंग तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि लोखंडी ग्रिल, झोपाळा किंवा मैदानावरची घसरगुंडी यांना कोणता रंग लावायचा हे हार्डवेअरच्या दुकानात ठरते. डब्यावरचे वाक्य छापायला प्रयोगशाळा लागत नाही. नियमांनंतरही स्वयंसेवी संस्थांनी तपासलेल्या लहान ब्रँडच्या काही डब्यांत शिसे मर्यादेच्या कितीतरी पट निघाले आहे. शिवाय २०१७ पूर्वी लावलेले थर घराघरांत तसेच आहेत आणि त्यांच्यासाठी काहीही तरतूद नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असलेली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतात आहेत. त्याला रंगाखेरीज बॅटऱ्यांच्या भट्ट्या, भांडी आणि मसालेही कारणीभूत आहेत.

हळदीचा धडा

रंगद्रव्य डब्यापुरते राहत नाही हे बांगलादेशात दिसले. तिथे १९८० च्या दशकातल्या पुरानंतर हळकुंडे काळपट निघू लागली आणि ढोलात घालून पॉलिश करताना त्यांवर लेड क्रोमेट लावण्याची रीत पडली. पिवळेधमक हळकुंड चढ्या भावाने जाई. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि स्थानिक संशोधकांनी याचा शोध लावल्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये ढाक्याच्या घाऊक बाजारात हाताच्या क्ष-किरण यंत्राने जागच्या जागी तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड ठोठावला आणि वृत्तपत्रांतून, सूचनाफलकांतून लोकांना सावध केले. बाजारातल्या नमुन्यांत शिसे असलेल्या हळदीचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, ते २०२१ मध्ये शून्यावर आले. कायदा आधीपासून होता. त्याला यंत्र, छापा आणि प्रसिद्धी यांची जोड मिळाली. सांगलीसारखी हळदीची मोठी पेठ असलेल्या महाराष्ट्राने हे उदाहरण जवळून पाहावे असे आहे.

हिशेब कोण चुकवतो

उशिरा केलेल्या नियमनाचा खर्च टळत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर जातो. कॅलिफोर्नियातील शहरे व काउंटी यांनी रंग कंपन्यांवर भरलेला खटला २००० मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये ३० कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर संपला. घरगुती रंगातल्या शिशावर बंदी येऊन तोवर कित्येक दशके लोटली होती, आणि ज्यांचे नुकसान झाले ती मुले म्हातारी झाली होती.

‘आधी अपाय सिद्ध करा’ ही अट ऐकायला शास्त्रीय वाटते, पण तिच्यात प्रयोग मुलांवर होतो आणि निकाल एका पिढीनंतर लागतो. शिशाने हे दाखवून दिले असल्यामुळे पुढच्या द्रव्यांच्या बाबतीत तीच अट घालण्याला समर्थन उरत नाही. भारतात रंगापुरते काम स्पष्ट आहे: औद्योगिक रंगांनाही ९० पीपीएमची मर्यादा लावणे, लेड क्रोमेटच्या विक्रीची नोंद ठेवणे, दुकानातून डबे उचलून तपासणे आणि नापास ब्रँडची नावे दरवर्षी जाहीर करणे. तोवर जुने ऑइल पेंट कोरडे घासू नये. पृष्ठभाग ओला करून घासावा, भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी, आणि काम संपेपर्यंत लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या घरापासून दूर ठेवावे.